थोरलीचे कोंब

४ ऑगस्ट

नवी वही काढली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी झालं. एरवी आमच्याकडे रोपांना पाणी घातलं, वन्संशी भांडले, पुन्हा रोपांना पाणी घातलं, यापलीकडे काय घडतं!

सकाळी वनस्पती उद्यानातले साहेब आले. वयाने लहान आहेत, बोलताना सारखा चष्मा पुसतात. थेट दलदलीतूनच आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मला 'काकू' म्हणतात. ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "काकू, तुमची थोरली काही फार दिवसांची नाही."

थोरली म्हणजे आमच्या मागच्या दलदलीतलं रानजायफळ. नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. बाजारातल्या जायफळाच्या घराण्यातलीच ही, पण रानात वाढलेली, उंच आणि हट्टी. सालीला खाच मारली की लाल चीक येतो, नवखा माणूस दचकून हात मागे घेतो. ही झाडं पाण्यात उभी राहतात आणि मुळांचे गुडघे वर काढून श्वास घेतात. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रस्त्याचा भराव पडला, दलदलीचं पाणी तुटलं आणि थोरलीचे गुडघे उघडे पडले. आता शेंड्याकडून वाळायला लागली आहे.

मी म्हटलं, "एक झाड जातं, दुसरं येतं." तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. या जातीची माहीत असलेली मादी एवढी एकच उरली आहे. उद्यानात त्यांनी बियांपासून अकरा झाडं वाढवली, वर्षानुवर्षं लेकरांसारखी जपली. जायफळाच्या घराण्याची खोडच अशी, की फुलल्याशिवाय नर की मादी ते सांगत नाही. फुलली तेव्हा कळलं, सगळे नर! अकरा नवरदेव आणि नवरी एकच, तीही आजारी. थोरलीला दोन वर्षांत फळ नाही, कारण तिच्या शेजारचा नर रस्त्यात गेला. धनेश पक्षी यायचे फळांवर, तेही यायचे थांबले. म्हणजे बी नाहीच. राहिलं कलम. मादीची काडी लावली की झाड मादीच होणार, त्यात नशिबाचा खेळ नाही.

"मला मादी हवी, काकू. बाकी सगळं तुमच्यावर सोडलं," म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्या हातचं कलम मरत नाही." जरा फुशारकी झाली, पण खोटं नाही. वडील कलमं बांधायचे, त्यांचा हात माझ्यात उतरला असं सगळेच म्हणतात.

हे कोपऱ्यात दोरखंड वळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "काड्या मी आणतो." दुसरं कोण आणणार?

१० ऑगस्ट

आज काड्या उतरवल्या. रानजायफळाची काडी नाजूक जात. झाडावरून तोडली की अंधार पडायच्या आत खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या रोपावर, बांधायची, ओल्या फडक्यात ठेवली तरी दुसऱ्या दिवशी काळी पडते. म्हणून आमची वाटणी ठरलेली. हे चढतात, काडी आणतात, तिला पाचरीसारखी तासतात आणि मी खुंट चिरून ती आत बसवते, पट्टी बांधते. लग्नापासून असंच.

मी बरोबर निघाले तर म्हणाले, "तू नको येऊस, चिखल आहे, पाय घसरेल." मला एवढं जपायला लागले म्हणजे म्हातारपण आलंच म्हणायचं. परत आले तेव्हा माझा चहा गार व्हायचा होता. म्हटलं, "शेंड्यापर्यंत जाऊन एवढ्यात?"

"रोजचं झाड आहे," म्हणाले.

माकडाच्या वंशातले आहात असं मी म्हटलं आणि हे हसले नाहीत. वन्सं, म्हणजे यांची बहीण, आमच्याकडेच असतात, त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, शर्टाला चिखल आहे, पण सालीचा डाग एकही नाही रे." वन्संना जगात धुण्याशिवाय काही दिसत नाही.

तासायला बसले तर पहिल्याच काडीला चाकू घसरला. चाकूला धार नाही म्हणे. कालच मी लावली होती! नाचता येईना अंगण वाकडं. चाकू हातातून काढून घेतला आणि तासणं-बांधणं दोन्ही मीच केलं. तीस कलमं झाली. हे समोर बसून पट्ट्या एकेक करून पुढे करत होते, तेवढ्यापुरते बरे होते.

२२ सप्टेंबर

कोंब फुटले! तीसमधली तीनच गेली, बाकी सगळी हिरवीगार. साहेबांनी फोटो काढले, चष्मा चार वेळा पुसला. "काकू, तुम्ही जादूगार आहात," म्हणाले. मी नको नको म्हटलं आणि दिवसभर तेच आठवून कामं केली.

हे बघायलाही आले नाहीत. साहेब असेपर्यंत कुंपण दुरुस्त करत बसले, ते अजून वाकडंच आहे.

संध्याकाळी चहा डाव्या हाताने घेतला, निम्मा बशीत. वन्सं मला मोरीपाशी गाठून म्हणाल्या, "वहिनी, दादाच्या उजव्या हाताकडे बघितलंत का?"

म्हटलं, "लग्न झाल्यापासून बघतेय. त्या हाताने घरातली एक वस्तू जागेवर ठेवलेली नाही."

आता वन्सं यांना कप अर्धाच भरून देतात, शर्टाची बटणं लावून देतात. साठीला टेकलेल्या भावाची बटणं! हे लाड मी माझ्या पोटी मूल असतं तरी केले नसते. आणि हे महाशय मान वर करून लावून घेतात.

१६ नोव्हेंबर

कलमांचं काहीतरी बिनसलंय. सगळी उजेडाकडे कलतात असं वाटलं, म्हणून पिशव्या फिरवून ठेवल्या. आठवड्यात तिकडून वळून पुन्हा कलली, पण उजेडाकडे नाही, जिला जिकडे वाटेल तिकडे. काठ्या रोवून बांधली. काठीच्या वर नवा कोंब आला की तो पुन्हा आडवा. हट्टी पोरीसारखी करतात. यांना विचारलं तर म्हणाले, "होतील सरळ."

५ डिसेंबर

समजलं. सकाळी पाणी घालता घालता एका रोपाची पानं बघितली, दोन ओळींत सपाट लागलेली, आडव्या फांदीवर असतात तशी, आणि हातातली झारी तशीच राहिली.

जायफळाला दोन तऱ्हेच्या फांद्या. शेंड्याजवळ उभे कोंब येतात, ते झाड वर नेतात. बाकी सगळ्या आडव्या. आडव्या फांदीची काडी लावली की तिला आपण फांदी आहोत हेच आयुष्यभर आठवतं. ती झाड होत नाही, जमिनीलगत पसरते. माझे वडील असं कलम दिसलं की मुळासकट उपटायचे. म्हणायचे, "हे लंगडं. हे लावणारा आंधळा." रोपवाटिकेत शिकायला येतो तो पहिल्या दिवशी हे शिकतो.

आणि सगळीच्या सगळी आडवी! तीसच्या तीस काड्या यांनी खालच्या फांद्यांच्या आणल्या. मीही आंधळीच. पुढे केलेली काडी मी पारखली नाही, कारण यांच्या हातून आलेली काडी मी कधी पारखलीच नव्हती.

६ डिसेंबर

भांडण झालं. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

म्हटलं, "उभं आणि आडवं कळत नाही? डोळे गेले का तुमचे?"

म्हणाले, "चुकलं."

"तीस वेळा चुकतं माणूस?"

"चुकलं म्हटलं ना."

मी म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. वडिलांचं नाव काढलं, साहेबांचं काढलं, आळशी म्हटलं, कामचोर म्हटलं. हे मान खाली घालून उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. मला वाटलं निदान उलटून बोलावं, म्हणजे भांडणाला भांडणाची चव येते. वन्संच मध्ये पडल्या, "पुरे करा हो वहिनी." त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

कलमं शेडमागे नेली, फेकणारच होते, पण पिशव्या जड, कंबर धरली. तिथेच ओळीने ठेवून दिली. मरतील आपोआप.

२१ डिसेंबर

थोरली बघून आले. शेंडा उघडाबोडका झालाय. त्याच्या जरा खाली, बेचक्याच्या वर, हिरवे उभे कोंब तेवढे दिसतात, पेन्सिलीसारखे. तेच शेवटचे. हा महिना-दीड महिना टिकतील, मग झाड राहिलं तरी कोंब राहणार नाहीत.

साहेबांचा निरोप आला. मार्चात कलमं न्यायला येतात, दुसऱ्या दलदलीत जागा तयार केली आहे. निरोप्याला म्हटलं, या की, सगळं छान आहे.

असं का म्हटलं? कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. काकू जादूगार आहेत म्हणणाऱ्या माणसाला काय सांगू, की काकूंनी सत्तावीस फांद्या मातीत खोचून ठेवल्या आहेत? नाक कापलं जाईल. माझं जाऊ दे, वडिलांचं जाईल. साहेब यायच्या आत नवी कलमं बांधायची, धरली की हीच ती म्हणून द्यायची. जरा लहान दिसतील, थंडीचं कारण सांगता येईल.

५ जानेवारी

वन्सं म्हणतात, वर चढायला पैसे देऊन माणूस आणा. आणीन की! पण इथला चढणारा प्रत्येक माणूस उद्यानाच्या कामावर जातो. आज आमच्या झाडावर चढला की उद्या साहेबांच्या कानावर. शिवाय त्याला उभा कोंब कोण दाखवणार, मी खालून काठीने?

यांना म्हटलं, "तुम्हीच बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा."

बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "नाही जमलं तर?"

"एवढी वर्षं जमलं, आता काय झालं?"

काहीतरी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वन्सं आल्या आणि हे उठून दोरखंड शोधायला गेले. मनात अढी धरून बसलेत माझ्या त्या दिवसाच्या बोलण्याची. धरू देत. मीही काही विसरलेले नाही.

९ जानेवारी

मिळाले! अकरा कोंब, अकराही उभे, एकेक तपासून घेतला.

या खेपेला मी बरोबर गेले. सकाळी धुक्याने खोड ओलं होतं म्हणून जेवण करून निघालो. दलदल एवढी सुकली आहे की चपला घालून चालता येतं, वाईट वाटलं. हे फार सावकाश चढत होते. दोर कमरेला, उजव्या हाताचं कोपर फांदीत अडकवायचं, डाव्या हाताने अंग वर ओढायचं, थांबायचं. असं चढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खालून म्हटलं, "नव्या नवरीसारखे काय चढताय?"

बेचक्यात पोचले. कोंब डाव्या हाताने कापले, गाठ दाताने मारली आणि फडकं खाली सोडलं. मी ओच्यातच झेललं. उघडून बघितलं आणि इतका आनंद झाला की ओरडले, "शाबास!" खूप दिवसांनी त्यांना चांगलं काही बोलले.

म्हटलं, "आता उतरा."

"तू हो पुढे."

"का?"

"बसतो जरा. इथून बरं दिसतं."

"रुसलात का?"

"नाही गं. तू जा. सुकतील ते."

खरंच होतं. ऊन वर होतं, फडकं गरम व्हायला लागलं होतं. निघाले. कुंपणापाशी वळून बघितलं तर बेचक्यात बसलेले, डावा हात खोडाभोवती. म्हटलं, बसा. रुसवा उतरला की माणूसही उतरेल.

घरी येऊन जी बसले ती शेवटची पट्टी बांधूनच उठले. माझ्या जन्मात इतकी सुंदर कलमं बांधली नाहीत. खुंट आणि काडी अशी बसली की सांधा दिसत नाही. वडील असते तर काही बोलले नसते, फक्त पाठीवर हात ठेवला असता.

दिवस मावळायला आलाय. हे अजून आले नाहीत. वन्सं दोनदा विचारून गेल्या, आता कंदील घेऊन निघाल्या आहेत शोधायला. या बहीणभावांचं एक वेगळंच असतं. हात धुते आणि जाते मागोमाग, चिकाने बोटं लाल झाली आहेत.

१३ जानेवारी

हॉस्पिटल. वही वन्संनी आणून दिली, मी मागितली नव्हती.

थोरलीच्या मुळांवर पडले होते. त्या उघड्या पडलेल्या गुडघ्यांवर. खाली पाणी असतं, चिखल असता, तर एवढं लागलं नसतं.

शुद्धीवर आहेत. आत रक्तस्राव झालाय, पाठीचं काही सांगता येत नाही म्हणतात.

१४ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी आज त्यांचा उजवा हात उचलून मला दाखवला. अंगठ्याखालचं मांस नाहीसं झालंय, नुसता खड्डा. म्हणाल्या, "हे पडल्यामुळे नाही. मानेत नस दबली आहे, हात वर्षभर तरी जात चाललाय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "दोन वर्षं."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दादाने शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं तर मला झाडाजवळ जाऊ देणार नाही, मग मी घरात कोण? तरी मी तुम्हाला म्हटलं होतं, वहिनी, हाताकडे बघा. दोनदा म्हटलं."

एकदाच म्हटलं होतं. की दोनदा? आठवत नाही.

म्हणजे ऑगस्टमध्ये हे चढलेच नव्हते. खाली उभे राहून हाताला येतील त्या फांद्या कापून आणल्या, आणि मी म्हटलं माकडाच्या वंशातले.

१६ जानेवारी

आज बरेच बोलले. आवाज बारीक येतो, कान तोंडापाशी न्यावा लागतो.

म्हटलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? चमचा धरता येत नाही म्हणून?"

"चढलात कसे मग?"

"चढताना कोपराने भागलं. उतरताना नाही भागत. वर गेल्यावर कळलं."

"मग हाक मारायची होती! मी खाली उभी होते. माणसं बोलावली असती, शिडी आणली असती."

डोळे मिटले. मग म्हणाले, "तू थांबली असतीस. कोंब सुकले असते."

मी त्यांचा तो हात धरून बसले. काहीच वजन नाही त्याला. तो हात गेल्या वर्षभरात मी एकदाही हातात घेतला नव्हता, नाहीतर कळलं असतं.

मग विचारलं, "सगळे बांधलेस ना?"

"सगळे."

"मग झालं," म्हणाले.

१९ जानेवारी

हे पहाटे गेले.

२० फेब्रुवारी

महिनाभर लिहिलं नाही. लोक आले, गेले. घरात दोघी आहोत. वन्सं स्वयंपाक करतात, मी भांडी घासते. बोलायचं तेवढं बोलतो. भांडत नाही, ते फार जड जातं.

कलमांना कोंब फुटलेत. मी नऊ तारखेच्या संध्याकाळनंतर तीन आठवडे त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं. वन्संनीच घातलं असणार, विचारलं नाही. अकराच्या अकरा जिवंत. सरळ, काठीची गरज नाही.

खरं ते इथे लिहिते. रोज सकाळी उठून मी आधी शेडमध्ये जाते आणि बघते एखादं तरी मेलंय का. एकाचं पान पिवळं पडलं तेव्हा मनात म्हटलं, आता हे जाईल, आणि बरं वाटलं. चार दिवसांनी त्याने नवं पान काढलं. आयुष्यभर मी कलम जगावं म्हणून सकाळी उठत आले. आता सगळी जगली आहेत आणि मला ती डोळ्यांसमोर नकोत.

यांची आठवण येते, म्हणजे काय होतं ते लिहिता येत नाही. पट्टी बांधताना समोर कुणीतरी पट्टी पुढे करायला बसलेलं असायचं, एवढंच सुचतं.

११ मार्च

साहेब गाडी घेऊन आले. आधी ओसरीवर चष्मा पुसत बसले. हे कसे गेले ते त्यांना लोकांकडून कळलं होतं, झाडावरून पडले एवढंच. का चढले होते ते विचारलं नाही. "काकांचा मला फार आधार वाटायचा," म्हणाले. खोटं नसावं.

मग शेडमध्ये आले. अकरा कलमं बघून म्हणाले, "सप्टेंबरात जास्त होती ना हो? आणि मोठीही होती."

मी तोंड उघडलं. थंडीचं कारण तयार होतं, अडीच महिने तयार होतं. ते काही बाहेर आलं नाही.

तेवढ्यात ते शेडच्या मागे गेले. मागून हाक आली, "काकू, ही कुठली?"

मी गेले. सत्तावीसच्या सत्तावीस तिथेच, ओळीने, जमिनीलगत पसरलेली, पानांनी भरलेली. मी मरायला ठेवली होती. वन्सं पाणी घालत राहिल्या, भावाने आणलेल्या काड्या म्हणून.

म्हटलं, "ती बिघडलेली आहेत."

साहेब उकिडवे बसले. पान उलटून बघितलं, सांध्यावरून बोट फिरवलं. "थोरलीचीच ना?"

"थोरलीचीच. पण आडव्या फांदीची. त्यांचं झाड होणार नाही."

"पण मादी?"

"मादीच की."

"मग बिघडली कुठे, काकू?" चेहरा खुलला होता त्यांचा. "उलट ही लवकर फुलतील. बुटकी राहतील, फळ हाताला येईल, चढायची भानगड नाही. आमचे अकरा नर आहेतच. एकदा बी मिळालं की उभी झाडं हवी तेवढी होतील. मला मादी हवी होती हो, ती उभी असली काय नि आडवी असली काय! कधीच नेली असती मी ही. सांगितलं का नाहीत?"

म्हटलं, "राहून गेलं."

ते पिशव्या उचलायला लागले. माणूस गुणी आहे, आनंदात होता, त्याला काही माहीत नाही. मी शेडच्या खांबाला धरून उभी राहिले. आडवी सत्तावीस आधी चढवली, मग उभी अकरा कडेने लावली, मध्ये गोणपाटं घातली. जाताना म्हणाले, "काकू, काकांचे उपकार आहेत. त्यांनी आणलेल्या काड्यांवर एक अख्खी जात उभी राहील."

गाडी वळणाआड जाईपर्यंत वन्सं दारात उभ्या होत्या. आत आल्यावर त्यांनी विचारलं, "दादाची ती आडवी का नेली हो त्यांनी?"

मी म्हटलं, "गाडीत जागा होती म्हणून."